अमेरिकेतली माडी

...आणि वर गावातले लोक मलाच विचारतात, "मास्तर, आता बरं आहे ना?" अहो, मला झालं काय होतं? चौलच्या वाचनालयात मी व्याख्यान दिलं, बस्स! गायलो नाही, नाचलो नाही, अमेरिकन कादंबरीकारांवर तासभर बोललो. तुम्हीच सांगा, ह्यात माझं काय चुकलं?

मुळात विषय माझा नव्हेच. मुरुडचा नुरुद्दीन, बोटीवर खलाशी, न्यूयॉर्कहून येताना गोणीभर पुस्तकं न् मासिकं घेऊन आला. "मास्तर, ह्या किताबा तुमच्यासाठी. मना त्यातला काय समजत न्हाय." मी वाचायला बसलो आणि तुम्हाला सांगतो, झोपच उडाली! काय ती माणसं, काय धाडस, आणि काय एकेकाचे हाल!

एकाने आपल्या गावचा पाद्री, डॉक्टर, वकील, सगळे नावं बदलून कादंबरीत घातले, आणि नावं तरी कसली बदलली, एकेक अक्षर! गावाने ओळखलं. चर्चमध्ये त्याच्या म्हाताऱ्या आईशेजारी कुणी बसेना. शेवटी हा गाव सोडून शहरात गेला, एका घराच्या माडीवर राहिला, तिथेच लिहीत लिहीत बिचारा संपला. दुसरी एक बाई. तिची नायिका नवऱ्याचं घर सोडते... बरं, सोडते ते सोडते, तिला पश्चात्तापही होत नाही! वाचनालयांनी पुस्तक कपाटातून काढलं, नवऱ्याने छळ मांडला, तेव्हा हिने स्वतःच घर सोडलं, त्याच गावात टोप्या शिवून जगली, पण शेवटचं पान बदललं नाही. मग धाडस कुणाचं मोठं? मी म्हटलं, बाईचं! तो लिहून पळाला, ही लिहून रोज त्याच रस्त्याने बाजारात गेली. श्यामला, म्हणजे आमची ही, बायकांत बसून एकटीच टाळ्या वाजवत होती. तिथेच मी थांबायला हवं होतं.

पण मीही कादंबरी लिहीत होतो हो! तीन वर्षं, गुपचूप. शेवटचं प्रकरण तेवढं उरलेलं. त्यातही एक बाई घर सोडते. म्हटलं, आज सांगून टाकू. छाती काढून म्हणालो, "मंडळी, त्या थोर लेखकासारखाच मीही तीन वर्षं, शाळा सुटली की, रोज माडीवरच लिहितो!"

सभेत एकदम कुजबुज.

मागून बुधाजी भंडारी उठला. "मास्तर, तिकडं अमेरिकेत माडी हाय?"

"आहे म्हणजे? घरोघरी!"

"पन तिकडं तर बंदी हाय म्हनत्यात?"

"ती दारूला! माडीला कसली बंदी?"

बुधाजीच्या डोळ्यांत पाणी आलं हो! "ऐका, माधवराव, ऐका! शहाना देश!"

आता मी वाईचा. आमच्याकडे घराच्या वरच्या मजल्याला माडी म्हणतात. इथे त्याला म्हणतात माळा, आणि माडी म्हणजे माडाच्या झाडाची... सकाळी गोड, दुपारी डोक्यात जाणारी! बुधाजीचा तर धंदाच ती काढायचा. हे मला सभेत कोण सांगणार? आणि माधवराव कोण? आमच्या शाळेचे अध्यक्ष, दोन वर्षांपूर्वी सत्याग्रहात माडीचं दुकान बंद पाडायला दुकानापुढे आडवे पडून तुरुंगात जाऊन आलेले. माझी नोकरी कायम करायची की नाही, ते दुसऱ्याच दिवशी ठरवणार होते. तुम्हीच सांगा, ह्यात माझं काय चुकलं?

दुसऱ्या दिवशी सकाळी माधवरावांना हाताला धरून घरी आणलं. म्हटलं, "डोळ्यांनी बघा, माडी म्हणजे ही! टेबल, दौत, कागद..." आणि टेबलावर मडकं! फेसाळलेलं! बुधाजीने पहाटेच आणून दिलेलं, "शिकला सवरला मानूस, पन खरा बोलला" म्हणून. श्यामलाला वाटलं नीरा आहे, तिने आपलं माझ्यासाठी वर नेऊन ठेवलं. माधवरावांनी एकदा मडक्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. म्हणाले, "मास्तर, लिहून द्या."

दिलं. काय करतो? 'यापुढे मी माडीवर लिहिणार नाही.' सही, तारीख.

मी पडलो शब्दाला जागणारा. सही केली म्हणजे केली! आता स्वयंपाकघरात पाट मांडून बसतो. नायिका उंबरठ्यापर्यंत येते, की इकडे मिरचीची फोडणी पडते, मला ठसका लागतो आणि ती बाई आत फिरते. श्यामला रोज विचारते, "गेली का हो ती?" कुठली जाते! मला वाईट वाटतं ते त्या बाईचं. तीन वर्षं तिला उंबरठ्यापर्यंत आणली आणि सहीच्या एका फटकाऱ्याने घरात कोंडली.

नोकरी मात्र कायम झाली. त्याच वाचनालयात माझा सत्कार झाला, नारळ, शाल, टाळ्या, एकटी श्यामला तेवढी टाळ्या वाजवत नव्हती. अमेरिकेतल्या त्याने गाव सोडलं, त्या बाईने घर सोडलं... आणि माधवरावांनी भर सभेत जाहीर केलं, मास्तरांनी माडी सोडली!