कौसल्याच्या टाचा

...अन् मी काय मुद्दाम बोललो व्हय? तुमीच सांगा! घरात पाव्हणं बसल्यात, चहा आलाय, हसतखेळत चाललंय, माणूस दोन शब्द बोलणारच की! कुणी म्हणंल मोहनरावाला अक्कल न्हाय... न्हाय तर न्हाय! पण तुमाला सांगतो, हसली हो ती बी. सगळ्यांच्या बरोबरीनं हसली. फकस्त हसता हसता पाय आत घेतलं तिनं.

ती म्हंजे आमची मंडळी, कौसल्या. आमी निरवांगीचं. मिरची, टोमॅटो, वांगी... माल इंदापूरच्या बाजाराला जातोय. पोरीचं, वृषालीचं लग्न ठरलं लासुर्ण्याच्या सर्जेरावांच्या घरी. ऊसवाली माणसं, बोलायला बी गोड. ती आली तारीख धरायला. तवा कौसल्या कुठं? मिरचीला पाणी देत हुती, चिखलात! आमच्या अर्ध्या रानाला ठिबक हाय... अन् उरलेल्या अर्ध्याला कौसल्या हाय! तशीच पळत आली, हातपाय धुतलं, चहा केला, अन् भितीला टेकून खाली बसली. व्याहीणबाई म्हणल्या, "आलं झकास पडलंय हो, किसून घालता का ठेचून?" आता मला कुणी विचारलं हुतं का? पण मी मधीच! म्हणलो, "किसणी कशाला लागती? हिच्या टाचंवर आलं फिरवलं की झालं काम!"

सर्जेराव असलं हसलं, असलं हसलं, की बशीतला चहा धोतरावर! मला वाटलं, वा मोहनराव, रंगवली बैठक! अन् तेवढ्यात माझं ध्यान गेलं... तिनं पदर नीट केल्यासारखं केलं, अन् पाय आत घेतलं.

बरं, भांडायचं तरी! चार शिव्या हासडल्या असत्या तर मी बी दोन घातल्या असत्या, मिटलं असतं. पण न्हाय! अन् दोन-तीन दिसांनी बघतो तर बाई लंगडती. म्हणलं, "काय झालं गं?" "काटा मोडलाय." म्हणलं, दाव. तर म्हणती, "निघाला." निघाला तर लंगडती कशापायी? शेवटी वृषालीनं मला गोठ्याच्या मागं गाठलं. "आबा, काटाबिटा काय न्हाय. आईनं टाचा विटकरीनं घासल्या. तेवढ्यानं भागलं न्हाय, तवा तुमच्या दाढीचं पातं घिऊन कातडं तासलं. लग्नात सगळ्यांपुढं पाय दिसत्याल म्हणून." तुमाला सांगतो, पाटीभर मिरची डोळ्यात गेल्यासारखं झालं! माझ्याच दाढीचं पातं हो... मंग माझ्या जिवावर उठायचं, तर उठली आपल्याच पायावर!

तसंच गाडीवर घातलं अन् नेलं बारामतीला, कातडीच्या डॉक्टरीणबाईकडं. पोरगीच हो, आमच्या वृषालीएवढी, पण नजर अशी की खोटं बोलायची सोय न्हाय. पाय बघितला. "काकू, कशानं घासलंत?" कौसल्या छताकडं बघती. "काकू?" "...विटकरीनं." "आणि?" मी खाली बघतोय. बाई म्हणल्या, "अहो, कातडं काय भिंतीचा रंग आहे खरवडायला? खाली सारखं नवं कातडं तयार होत असतं. ते हळूहळू वर सरकतं, वर येईस्तोवर वाळतं, मरतं आणि गळून जातं. आपल्याला दिसतं ते मेलेलंच! खरवडलंत की शरीराला वाटतं, हल्ला झाला. मग ते आणखी जाड थर घालतं. टाचेवर तर सगळ्या अंगाचा भार, तिथं आधीच जाड."

मी म्हणलो, "मंग नवं यायला किती दिस?" "तरुणपणी महिनाभर. वय वाढलं की जास्त. टाचेला आणखी जास्त." आता मी शेतकरी माणूस, मला दम निघतोय का? म्हणलं, "बाई, कायतरी टॉनिक, डबल डोस, फवारा... लग्न तोंडावर आलंय!" तर मला म्हणती कशी, "काका, कोंब धरून वर ओढला तर ऊस वाढतो का?"

मंग तिनं चौकशी लावली. म्हणली, कातडं लवकर-उशिरा बदलणं नुसतं वयावर नसतं. झोप, खाणं, ऊन, साखरेचा आजार, बिडी-सिगारेट, सगळ्याचा हिशेब लागतो. बिडी म्हणल्याबरोबर मी खिशावर हात ठिवला... पण ती इचारत हुती कौसल्याला! "काकू, झोपता कधी?" "सगळ्यांचं आवरल्यावर." "उठता कधी?" "सगळ्यांच्या आदी." "दूध, अंडी, डाळी?" "उरलं तर खाती की." उरलं तर! तुमाला सांगतो, वांग्याची भाजी मी दोनदा मागून घेतो, कढईत काय उरलंय ते ह्या जन्मात बघितलं न्हाय मी! "अन् पायात काय घालता?" तर ही म्हणती, "ह्यांच्या जुन्या चपला असत्यात." अहो, अंगठा तुटला म्हणून टाकलेल्या चपला त्या! मला वाटलं कुत्र्यानं नेल्या! एकेका उत्तराला मी खुर्चीत बारका हुत चाललो... अन् वर ही काय म्हणती? "ह्यांचं काय न्हाय हो बाई, माझंच कातडं बेकार." माझी बाजू घेती! अशा वक्ताला माणसानं जावं कुठं? अन् हे म्हणताना बी, खुर्चीखाली, पाय आत घेतलं तिनं.

तवापासनं मिरचीला पाणी द्यायला, दारं धरायला मी. संध्याकाळी कोमट पाण्याचं घमेलं आणायला मी. पाय बुडवायचं, टिपून घ्यायचं, घासायचं न्हाय बरं का, टिपायचं! वर मलम, अन् वर मोजं. तिला लई अवघड वाटायचं. "अहो, सोडा, कुणी बघंल!" अन् बघणारच की! शेजारची छबूबाई परातीत तांदूळ निवडत निवडत आमच्याच दारात. "का गं कौसल्या, मोजं घालून साळंला चाललीस काय? अन् मोहनरावांनी पाय कवाधरनं धरलं?" गावभर झालं! पारावर गेलो की गेणबा म्हणतोय, "या, मलमवालं या!" म्हणू दे. बिडी सोडली म्हणत न्हाय मी... कमी केली. दूध पैलं तिच्या पेल्यात. अन् ती जेवल्याबिगर मी दुसऱ्यांदा वाढून घेत न्हाय. पैल्या दिशी तर तिला वाटलं, भाजी खारट झालीया!

लग्नाला टाचा पुरत्या बऱ्या झाल्या न्हवत्या, खोटं कशाला बोलू. पण भेगा मिटल्या, अन् आतनं गुलाबी कातडं वर आलं, कवळ्या पानावानी. लग्नात नव्या चपला घालून फिरली. व्याहीणबाई म्हणल्या, "विहीणबाई, पाय कसलं नितळ दिसत्यात!" मी तोंड उघडलं... अन् लगीच मिटलं. शिकलो की!

परवा परत बारामतीला दाखवायला गेलो. बाई खूश! "काकू, छान. आता असंच सांभाळा. काका, शाब्बास!" मी फुगलो. बाहीर रांग हुती, दार उघडंच, सगळी ऐकत्यात. मी म्हणलो, चला आता. तर कौसल्या उठंनाच! म्हणती, "बाई, एक इचारू? टाचंचं कातडं बदलाय एवढं दिस... मंग जिभंचं?"

बाई म्हणल्या, "जिभेचं लवकर. आठवड्या-दोन आठवड्यांत बदलतं."

हिनं माझ्याकडं बघितलं, सावकाश. म्हणली, "मंग ह्यांची लगीन झाल्यापासनं तीच कशी?"

बाई हसली, कंपाउंडर हसला, बाहीर रांग हसली... सर्जेराव तितं असतं तर आणखी एक धोतर गेलं असतं! अन् मी? मी म्हणलो, "बाई, ह्याला बी कायतरी द्या की."

तर तिनं पेनाला टोपण लावलं, अन् म्हणली, "काका, त्याला आमच्याकडं मलम नाही."