बाबांची अरुंद स्की

जपानमधल्या फुरानोच्या स्की-डोंगरावर, वर नेणाऱ्या गोंडोलाच्या रांगेत माझ्यापुढे आमच्या गल्लीतले तेत्सुजीसान आणि त्यांची मुलगी मिहोको उभे होते. तिच्या बाबांनी रुंद स्की घेतली, तर मिहोकोचा फायदा एकच होता: ताज्या बर्फात रुतलेल्या बापाला ओढून काढणं वाचणार होतं.

“बाबा, या पट्ट्या घेऊन परत झाडीत येऊ नका.”

“स्कीच्या परीक्षेतला पहिल्या श्रेणीचा बिल्ला अशाच अरुंद स्कीवर मिळवलाय मी. वळणं बघ कशी रेखीव येतात.”

“त्या परीक्षेला तीस वर्षं झाली. आता झाडीत गुण कोण देणार, कोल्हे?”

“रुंद स्की कडक बर्फावर घसरते.”

“माझी मध्यम आहे. मऊ बर्फात तरंगते, कडक बर्फावर धारही धरते. आपले बूट एकाच मापाचे आहेत. एक फेरी अदलाबदल करू.”

“एकच हं. तुझं मन राखायला.”

तासाभराने दोघं पुन्हा रांगेत माझ्यापुढे. मिहोकोच्या कॉलरमधून बर्फ गळत होता.

“किती वेळ लावलास गं?”

“तुमच्या पट्ट्यांवर कमरेपर्यंत रुतले होते. द्या माझी स्की.”

“थांब जरा. एका फेरीत काय पारख होते? परीक्षकसुद्धा तीन-चार बघतात.”

संध्याकाळी स्कीच्या दुकानात मिहोको बाबांनी अजून न सोडलेल्या आपल्या स्कीकडे बोट दाखवत दुकानदाराला म्हणाली, “हीच आणखी एक द्या. माझ्यासाठी.”

पसंती बाबांची झाली आणि पैसे मिहोकोने भरले.