फेसाचा माग

...आणि बूट? महिना झाला, अजून वाळतायत! अहो, मी गणिताचा मास्तर, मला नदीत उतरवायचं काय कारण? पण विज्ञानाच्या बाई बाळंतपणाच्या रजेवर, आणि मोठ्या बाई म्हणतात कशा, "सर, मुलींना नदीचं पाणी तपासायला शिकवायचंय. तुम्हाला आकडे कळतात ना? झालं तर मग!" झालं तर मग म्हणे! तुम्हाला सांगतो, मला धड पोहता येत नाही हो...

वर्गात एक चष्मिश आहे. ती मलाच शिकवते, "सर, दगड उलटा करा. खाली किडे सापडले तर पाणी चांगलं!" आता बोला! पिठात किडा निघाला की घरात आकांत, आणि इथे निघाला की टाळ्या! वाकलो, दगड उचलला, पाय सटकला... सपशेल आडवा! कुणी म्हणेल, सर, लागलं का? छे! "सर, हलू नका, पाणी गढूळ होतंय!" मी गणिताचा मास्तर हो!

बरं, पुलाच्या वरच्या अंगाला किडेच किडे, आणि खालच्या अंगाला एक नाही! नुसता फेस. का? तर मध्ये एक पाइप. निघाली पलटण पाइपाच्या मागावर, मागून मी, बुटांतून पचक पचक... पाइप कुठे जाऊन थांबावा? लाँड्रीच्या मागच्या दारात. आणि दारात कोण? माझा सख्खा मेहुणा!

"अरे दाजी! ओले कसे? द्या, शर्ट इस्त्री करतो!"

चष्मिश म्हणते, "सर, हे तुमचे कोण?"

काय सांगू? वाकून बुटातलं पाणी ओतायला लागलो! तो कानाशी, "दाजी, घरातलं घरात मिटवा, ताईला काय वाटेल?" आणि समोर सगळ्या मुली, हातात फेसाच्या बाटल्या, माझ्याकडे टकामका... "सर, नगरपालिकेला कळवायचं ना?"

मी गणिताचा मास्तर हो, यात कसला हिशेब मांडू? म्हटलं, "कळवा." आवाज असा निघाला, जणू उंदराच्या शेपटीवर पाय पडलाय!

नोटीस आली. पाइप बुजवला, मागे गाळणीची टाकी खोदायला घेतली. मुली खूश, मोठ्या बाई खूश, किडेही परत आले म्हणे. पण मेहुण्याचं बिऱ्हाड लाँड्रीच्याच मागे ना! सगळं उकरलेलं, मग राहणार कुठे? बायको म्हणाली, "तुमच्यामुळेच झालंय. आता राहतील सगळे आपल्याकडे!"

तेव्हा नदी सुटली हो... सगळा फेस सध्या आमच्या न्हाणीघरात असतो, आणि साबण माझा!