गोदामातल्या बाथरूमची किल्ली

प्रिय ईशान आणि रेवा,

परवा फोनवर तुम्ही विचारलंत, आजी, पार्सलवाल्या बाईला तू घरात का घेतेस? दोन वाक्यांत सांगण्यासारखं ते नाही. म्हणून त्या पार्सलवाल्या वर्षाबाई माझ्याकडे बसून बोलल्या ते त्यांच्याच शब्दांत लिहिलं आहे, आणि त्यांना वाचूनही दाखवलं आहे.

मी पारशिवनीकडची. लग्न होऊन नागपूरले आली, सीताबर्डीत कपड्याच्या दुकानात उभी राहिली, दुकान बंद पडलं तं गाडी शिकली अन् पार्सलचं काम धरलं. काम वाईट नाही काकू, गाडी चालवाले मले आवडते. पण काय सांगू तुमाले, गोदामात आमाले बाथरूम नाही. म्हणजे आहे, पण कुलूप लावून, अन् किल्ली साहेबापाशी. ते स्टाफसाठी म्हणे, तुमी स्टाफ नाही, तुमी पार्टनर. मंग आमी बाया सकाळपासून पाणीच पेत नव्हतो, मे महिन्यातबी, अन् मले लघवीची आग सुरू झाली. डॉक्टरीण म्हणे, पाणी काहून पेत नाही वं?

अन् दर सोमवारी उत्साहाची मीटिंग. गोल उभं राहाचं, टाळ्या वाजवाच्या, जोरात म्हणाचं आमी खुश आहो, अन् साहेब मोबाइलवर शूटिंग करून वर पाठवते. लोकायचं मन कामात लागलं पाहिजे, कोणी सोडून जाऊ नाही, म्हणून. थू. किळस येते मले. एका सोमवारी साहेबानं माह्या डोक्यावर पुठ्ठ्याचा सोनेरी मुकुट ठेवला, हप्त्याची राणी म्हणे, सांगा मॅडम, एवढी ताकद कुठून येते तुमाले? इकडं पोटात आग, सकाळपासून एक घोट पाणी नाही. मी मुकुट काढला, त्याच्या हातात देला अन् म्हटलं, "साहेब, हे राहू द्या. बाथरूमची किल्ली द्या."

तो हसला. म्हणे, मॅडम मजाक चांगला करते, शूटिंगमधून एवढं कापून टाकू, चला, पुन्हा टाळ्या. आमी तिघी बाया होतो. कोणी कोणाले इशारा नाही केला, पण तिघींचे हात खालीच राहिले.

वाटलं काढून टाकतीन. नाही काढलं, माणसं भेटत नाही नं त्यायले. मुकुट दुसऱ्याले देला. किल्ली आजूनबी साहेबापाशीच आहे. पार्सल देतादेता आमी घरोघरी विचारतो, बाथरूमले जाऊ का, कोणी या म्हणते, कोणी तोंडावर दार लावते. या म्हणणाऱ्याचं भलं होवो. सोमवारची मीटिंग चालूच आहे. आमी तिघी जातो, गोलात उभ्या राहतो. टाळी वाजवत नाही.