सुगंधाक्काची बोरमाळ आणि दयासागरभाऊंची जीप

मंडळी, ऐका! टाळ जरा खाली ठेवा. आज देवाला काही मागायचं नाही, तुम्हालाच एक प्रश्न विचारायचाय. दान देताना चौकशी करावी का हो? "बाबा रे, तू कोण, कुठला, हे घेऊन चाललास कुठं?" असं विचारलं की शेजारचा लगेच कुजबुजतो, "काय कंजूष माणूस! द्यायचं नसेल तर सरळ सांग की!" झालं! आपण लाजतो. खिशात हात, नोट बाहेर, डोळे बंद! अहो, देवापुढं मिटा की डोळे, कोण नको म्हणतंय? पण दानाच्या वेळीही मिटायचे?

उत्तर मी नाही देत. मी पडलो कीर्तनकार, माझंही पोट लोकांच्या देण्यावरच चालतं! उत्तर देणार आहे उंबरमाळची सुगंधाक्का.

उंबरमाळ म्हणजे पार डोंगरावरचं गाव. पाणी टँकरनं येतं, आणि वारं मात्र फुकट! तिथली ही सुगंधाक्का. पंचक्रोशीत लग्न असो, बारसं असो, भाकऱ्या अक्काच्याच. थापायला बसली की असा ठेका धरायची — रंगनाथराव, रागवू नका — तुमचा तबला लाजेल! शरीरानं दणकट, आवाजानं त्याहून दणकट, आणि मनानं? मनानं लोणी! कुणाच्या डोळ्यांत कुसळ गेलं तरी ही पदर डोळ्यांना लावणार.

त्या वर्षी खाली नदीला महापूर आला. नदीकाठची डोहवाडी आढ्यापर्यंत बुडाली. माणसं शाळेच्या गच्चीवर चढली म्हणून जीव वाचले. पण घरं? चुली? दाणागोटा? सगळं चिखलात! ही बातमी उंबरमाळला आली आणि अक्काच्या तोंडातला घास तोंडातच फिरायला लागला. जावेला म्हणाली, "रखमा, आपन भाकरी खातोय, आन् तिथं लेकरं उपाशी असतील गं! मला गिळंना."

आणि पाणी ओसरतंय न ओसरतंय तोच, सकाळी सकाळी मारुतीच्या देवळापुढं एक जीप येऊन थांबली. काय ती जीप! वर भोंगा. भोंग्यातून रडकी बासरी. बाजूला हा एवढा मोठा फलक, त्यावर गुडघाभर पाण्यात उभी एक पोरगी, डोळ्यांत पाणी. खाली लाल अक्षरं — 'डोहवाडी तुम्हाला हाक मारतेय!' आणि आतून उतरले कोण? पांढराशुभ्र झब्बा, खांद्यावर शाल, कपाळाला गंध... सेवाव्रती दयासागरभाऊ! नावच दयासागर! आता एवढा सागर स्वतः चालून दारात आल्यावर कोण विचारणार, की बाबा, तुझा किनारा कुठला?

"माता-भगिनींनो!" भोंग्यातून आवाज आला. "मी चिखलातून आलोय!" झब्ब्यावर चिखलाचा ठिपका नाही हं, मंडळी! परीटघडीचा झब्बा! पण बघतो कोण? सगळ्यांचे डोळे पाण्यानं भरलेले. आणि डोळ्यांत पाणी असलं की पुढ्यातला झब्बा दिसत नाही.

समोर पेटी ठेवली. पेटी म्हणजे हार्मोनियम नव्हे, दानाची पेटी! कुलूप लावलेली. लोकांनी भराभरा नोटा टाकल्या. कुणी जुनी धोतरं आणली, कुणी ज्वारीचं पोतं आणलं. भाऊ हात जोडून म्हणाले, "वस्तू नकोत! रोख द्या. आणि आत्ता द्या, आत्ताच! उद्या उशीर झालेला असेल!" शाळेतल्या कदम गुरुजींनी मोबाईल काढला, फलकावरच्या पैसे पाठवायच्या क्यूआर चौकटीवर धरला. मोबाईलवर नाव काय यावं? 'रॉकी मोबाईल शॉपी'! गुरुजी म्हणाले, "अहो, हे रॉकी कोण?" भाऊ हसले. "आमचे खजिनदार! फार सात्त्विक माणूस." आणि गुरुजींनी मान डोलावली! रॉकी, आणि सात्त्विक! अहो, इथं डोक्यात घंटा वाजायला हवी होती. वाजली का? छे! बासरी चालू होती ना!

इतक्यात गर्दीतून वाट काढत अक्का पुढं आली. फलकावरच्या पोरीकडं बघत राहिली. "दादा, हिचं नाव काय वो?"

"हिचं? सीता. बिचारीचं लग्न ठरलं होतं. दागिने, भांडी, सगळं वाहून गेलं!"

झालं! अक्काचे डोळे वाहायला लागले. तिनं गळ्यातली बोरमाळ काढली. आईची बोरमाळ, सोन्याचे टपोरे मणी! भाऊंचे डोळे असे लकाकले... पुढं झाले, ओंजळ धरली. "द्या माताजी, द्या!"

अक्कानं मूठ मिटली. "तुमच्या हातात? अवं न्हाई! ही मी सीताच्या गळ्यात घालनार. माझ्या हातानं! मी येते की तुमच्यासंगं!"

मंडळी, ही संशयानं म्हणाली का? मुळीच नाही! प्रेमानं! निव्वळ मायेनं! भाऊ म्हणाले, "माताजी, तिथं रोगराई आहे." अक्का म्हणाली, "मग तर आलंच पायजे." भाऊ म्हणाले, "जीपमध्ये जागा नाही." अक्का म्हणाली, "भोंगा काढा, व्हईल जागा." आणि वळून ओरडली, "रखमा, आन गं भाकऱ्या!"

घटकाभरात जीप भरली. भाकऱ्यांच्या दुरड्या, पिठल्याचं पातेलं, ठेच्याचा डबा, रखमा, आणखी चौघी-पाचजणी, आणि पुढच्या सीटवर भाऊंच्या शेजारी सुगंधाक्का, मांडीवर भाकऱ्यांची टोपली! सगळा गाव निरोपाला उभा. आता पळणार कुठं सागर?

जीप निघाली. नदी खाली, जीप चालली वर! अक्का म्हणाली, "दादा, डोहवाडी खाली ऱ्हायली की."

"जवळचा रस्ता आहे, माताजी."

थोड्या वेळानं मागून रखमा ओरडली, "अगं अक्का, हा म्हसोबा मघाशीच गेला की! परत कसा आला?"

तुम्हाला वाटेल, आता तरी अक्काला कळलं असेल. कुठलं! अक्का कळवळून म्हणाली, "गप गं! सेवा करून करून झोप न्हाई बिचाऱ्याला. रस्ता बी विसरला! खावा दादा, भाकरी खावा." आणि भरवायलाच लागली! हातात स्टिअरिंग, तोंडात भाकरी, भाकरीवर ठेचा! भाऊंच्या डोळ्यांतून त्या दिवशी पहिल्यांदा खरं पाणी आलं.

शेवटी घाटाच्या तोंडाशी भाऊंनी जीप बंद केली. "इंजिन गेलं हो! आता काही पुढं जाणं नाही. तुम्ही घरी जा." बायका उतरल्या. पण घरी? पदर खोचले, "बोला मारुतीरायाऽऽ" म्हणून जोर लावला! जीप हलली. पुढं काय होतं? उतार! "चढा गं चढा!" करत सगळ्याजणी परत आत. भाऊंचे पाय ब्रेकवर, तोंडानं "राम राम राम राम" — तेवढंच काय ते खरं नामस्मरण! आणि ती जीप घाट उतरून, वळणं घेत, घरंगळत घरंगळत थांबली ती थेट डोहवाडीच्या वेशीत!

आता समोरचं बघून बायकांचं हसू मावळलं. भिंती पडलेल्या. झाडांना चिंध्या लोंबकळताहेत. माणसं घमेल्यानं घरातला चिखल काढताहेत. अक्का हात जोडून म्हणाली, "आवं, बगा! तुमचे दयासागरभाऊ आले!"

"कोण?"

पुढं आला लतीफभाई, गावचा गिरणीवाला. पूर चढला तेव्हा ह्यानंच दोर बांधून घराघरातली माणसं शाळेच्या गच्चीवर काढली होती. तो दोर अजून खांद्यावर होता. म्हणाला, "ताई, ह्या सायबांना आजच बघतोय आम्ही."

"असं कसं? ही तुमची सीता न्हाई का? फलकावरची?"

भाऊ घाईनं म्हणाले, "गीता, गीता!"

"मघाशी सीता म्हनलासा की!"

लतीफभाईनं फलक नीट बघितला. "ताई, ह्या पोरीच्या मागं नारळाची झाडं हायत. आमच्या गावात देवापुढं फोडायचा नारळसुदिक तालुक्याहून येतो!"

अक्का हळूच वळली. भाऊंकडं बघितलं. तो परीटघडीचा झब्बा तिला आता दिसला.

आणि भाऊंनी काय करावं? पेटी उचलली, आणि धूम! पण पळाले कुठं? माणूस अनोळखी, गावही अनोळखी! घुसले ते नेमके ओढ्याकाठच्या गाळात. एक पाय गेला, दुसरा गेला, बघता बघता कमरेपर्यंत दयासागर गाळात! आणि ओरडायला लागले, "वाचवा! मदत करा होऽऽ!" भोंगा नाही, बासरी नाही, आणि तरी काय कळवळून मागत होते! खरी मदत मागताना आवाज कसा असतो, ते त्यांचं त्यांनाच तेव्हा कळलं असेल.

लतीफभाईनं दोर फेकला. ज्यांच्या नावानं पेटी फिरली, मंडळी, त्यांनीच दोर फेकला! "धर दोन्ही हातांनी!" पण हात कुठं मोकळे? पेटी कवटाळलेली! "पेटी सोड!" "नाही!" "अरं, सोड की! बुडतोस!" गाळ छातीला लागला, तेव्हा कुठं पेटी सुटली. दहा-बाराजणांनी ओढून काढला, मागनं पेटीही काढली. झब्ब्याचा रंग ओळखू येईना. आता म्हणा की, मी चिखलातून आलोय!

हसा, हसा. अक्का मात्र हसली नाही. त्याच्यापुढं उभी राहिली, म्हणाली, "पैशाचं न्हाई रं वाटत. उद्या खरंच कुनी माझ्या दारात रडत आलं, तर मला तुझं तोंड आठवंल. माझा हात आखडंल. खरा गरजवंत माघारी जाईल. त्याचं काय करू, सांग!"

मान खाली गेली भाऊंची. पोलीस आले, पंचांसमोर पेटी उघडून नोटा मोजून लिहून घेतल्या, आणि भाऊंना घेऊन गेले. पुढं सुधारला का? मला ठाऊक नाही. तुमच्या टाळीसाठी खोटं कशाला सांगू?

भाकऱ्या वाटून झाल्यावर अक्कानं बोरमाळ लतीफभाईपुढं धरली. "आता तुम्हीच सांगा, कुनाला देऊ?" तो म्हणाला, "ताई, सोनं घालून कोण मिरवतंय इथं? सरकारनं गहू दिला, पोती पडलीत. पन गिरणीची मोटर पाण्यात गेली. लोक गहू शिजवून खात्यात." अक्कानं विचार केला का? क्षणभरही नाही. डोहवाडीच्या सरपंचबाईंना बरोबर घेऊन तालुक्याला गेली, माळ मोडली, मोटर आणली. लतीफभाई म्हणत होता, "आईची खूण हाय ताई, ऱ्हाऊ द्या." अक्का म्हणाली, "आईनं दुसऱ्याच्या घरचं दळन दळून केलती ही. दळनातलीच हाय. दळनातच जाऊ दे." आणि गिरणी सुरू झाली! पीठ उडालं, अक्काच्या नाकावर, भुवयांवर! गळा मोकळा, आणि तोंडभर हसू!

आता बोला, अक्का कंजूष होती? तिनं मूठ मिटली म्हणून तर माळ खऱ्या गळ्यात... छे, खऱ्या गिरणीत गेली! देऊ नका असं मी म्हणतच नाही. दानाबरोबर दोन पावलं चालून जा, एवढंच म्हणतो. पाय दुखत असतील तर फोन करा. त्या गावात विचारा, पावती मागा, नाव वाचा. जो "आत्ताच्या आत्ता" म्हणतो, त्याला "बस बाबा, चहा घे" म्हणा. खरा असेल तर चहा घेईल!

माना डोलावताय? मग एक सांगा. आज मंडपात शिरताना दाराशी एक डबा होता. त्यावर काही लिहिलं होतं? नाही. कुणाचा म्हणून कुणी विचारलं? नाही! आणि टाकलं किती जणांनी? ...आता का खाली बघताय?

मी ठेवला होता तो! तेलाचा रिकामा डबा! उठताना ज्याचं त्यानं उचलून घ्या.

काय म्हणताय आजी? मोठ्यानं बोला, सगळ्यांना ऐकू द्या!

"म्हनते, बुवा, त्यातलं सगळं तसंच ठेवलंय, हे कशावरनं?"

शाब्बास! आजी, या, पुढं या, इथं गादीवर बसा! अख्ख्या मंडपात एकीला आख्यान समजलं. रंगनाथराव, उठा, आणा तो डबा इकडं, आणि सगळ्यांसमोर उघडा!