फीत कापल्याशिवाय चिखलात उतरू नये

आणि वर मलाच विचारतात, "भैरू, खुर्च्या ओल्या कशा झाल्या?" अहो कशा झाल्या म्हंजे? मी काय आंघोळ घातली त्यांना? दीडशे खुर्च्या, लोखंडी पायांच्या, नव्याकोऱ्या, खाडीच्या खाऱ्या पाण्यात दोन तास उभ्या, पायांना गंज, गाद्यांना वास, एकीच्या खाली तर चिंबोरी निघाली... आणि विचारतात मला! तुमाला सांगतो, मी मंडपवाला माणूस. लग्न असो, बारसं असो, दहावं असो, खुर्च्या मांडायच्या, माइक लावायचा, झालं की टेम्पोत टाकून घरी. बारा गावचं पाणी प्यायलोय मी. पण या मंडळानं जे पाजलं ना, ते अजून घशाखाली उतरत नाय.

कुठलं मंडळ? खाडीकाठ विभागीय पर्यावरण शिक्षण मंडळ! नाव घेईपर्यंत चहा गार होतो. काम काय, तर नवी मुंबईतल्या शाळांच्या पोरांना निसर्ग शिकवायचा. आता तो कुणी शिकवायचा, ते कुठं लिहिलेलं नाय. अध्यक्ष हौसेराव, बेलापूरच्या हापिसातनं रिटायर झालेले, पण अजून घरात भाजी आणायची तरी विषय आणि संदर्भ लिहून देतात. कार्याध्यक्ष रणजीतसाहेब, ऐरोलीच्या आयटीतले, लॅपटॉप उघडल्याशिवाय नमस्कार पण करत नायत. संस्थापिका सत्यभामाबाई, त्यांनी सात कडव्यांचं निसर्गगीत रचलंय, आणि सातच्या सात म्हणतात. शिवाय उपाध्यक्ष तीन, सल्लागार चार, मार्गदर्शक दोन. आणि साधा सभासद? दिवा घेऊन शोधा, नाय सापडायचा! काम करणारा एकच, धम्मपाल सर. ते सहसचिव. मग सचिव कोण? ती जागा तीन वर्षं रिकामी हाय, कारण सचिवाला काम असतं म्हणे.

धम्मपाल सर म्हंजे कळंबोलीच्या शाळेत विज्ञान शिकवणारा माणूस. मूळचे कोकणातले, बोलणं हळू, शर्ट इस्त्रीचा, आणि डोक्यात एकच किडा... पोरांना खाडी दाखवायची. त्यांच्या वर्गातली पोरं कुणाची? ट्रेलर चालवणाऱ्यांची, लोखंड बाजारात माल उचलणाऱ्यांची. खाडी काही कोसांवर, पण पोरांनी बघितली कधी? नाय. पुलावरनं, ते पण बसच्या खिडकीतनं! त्यात एक पोरगी हाय उत्कर्षा म्हणून, सातवीतली, तिनं पुस्तकातलं निवटीचं चित्र बघून विचारलं, "सर, मासा असून ही चिखलात चालते कशी?" दुसरा मास्तर असता तर म्हणाला असता, परीक्षेत नाय ते, बस खाली. धम्मपाल सर म्हणाले, "सांगत नाही. दाखवतो." संपलं! तिथंच माणूस फसला.

कारण शाळा सातवीपर्यंतच. पुढच्या वर्षी ही चाळीस पोरं कुठं कुठं पांगणार. म्हंजे दाखवायचं तर औंदाच. आणि चिखलात उतरायची परवानगी मिळणार मंडळाकडनंच, ती पण एका रविवारचीच, एका बसचीच, आणि पाणी उतरलेलं असेल तेवढ्या वेळाचीच. आता पाणी काय हौसेरावांच्या हाताखालचं हाय, की थांबा म्हटलं की थांबेल?

म्हणून सर मीटिंगला बायजाबायला घेऊन गेले. ही खाडीकाठच्या गावातली म्हातारी, जन्म चिखलात गेला, घड्याळ नाय बघत, बोटं मोजते. तिनं सगळ्यांसमोर सांगितलं, "त्या दिशी चौथ हाय. आठला सुकती. नवापत्तूर पोरं चिखलान् पायजेत. दहानंतर पानी चढाला लागल, मंग मी पोरांना नेनार नाय."

सुकती म्हंजे ओहोटी, एवढं तर मला पण समजलं. हौसेराव म्हणाले, "नोंद घेतली. आठला उद्घाटन, पंधरा मिनिटं फक्त, साडेआठला मुलं चिखलात." टाळ्या! नोंद घेतली म्हंजे काय, ते मला माहीत होतं. मी सरांना म्हटलं पण, सर, लग्नाचा मुहूर्त टळतो, आणि हे तर उद्घाटन हाय. ते हसले. म्हणाले, "भैरू, संस्था शैक्षणिक आहे. वेळेचं महत्त्व कळतं त्यांना." कळतं! संस्था शैक्षणिक हाय ना!

बरं, मंडप कुठं घालायचा? मी म्हटलं वर, रस्त्याला लागून. नाय! हौसेरावांना फोटोत खाडी पायजे. "भैरू, निसर्गाच्या कुशीत स्टेज हवं." बायजाबाय ओरडली, "अरं, ते शेवाल बघ दगरावरचा, पानी हितवर येतंय!" हौसेराव म्हणाले, "मावशी, आपण तोपर्यंत जेवायला गेलेलो असू." मग मी काय करणार? घातला कुशीत. आणि चिखलाकडं जाणारी वाट हाय ना, दोन खांबांमधनं, तिथं मला फीत बांधायला लावली. साटनची. पर्यावरण म्हणून हिरवी. फीत कापल्याशिवाय कुणी चिखलात उतरायचं नाय! अहो, हजारो वर्षं निवट्या येतात-जातात तिथनं, त्यांचं कुणी उद्घाटन केलं होतं का?

रविवारी पोरं सव्वासातला हजर. जुन्या चपला, गुडघ्यापर्यंत दुमडलेल्या पँटी, कापडी पिशवीत एकेक जास्तीचा ड्रेस. उत्कर्षानं तर वहीत प्रश्न लिहून आणलेले. खाडी अशी उघडी पडलेली, चिखल चकाकतोय, त्यात टुणूक टुणूक काय काय उड्या मारतंय, पोरं फितीला पोट लावून उभी... आणि आठ वाजले. पाहुणे नाय. साडेआठ. पाहुणे नाय. धम्मपाल सर म्हणाले, "साहेब, मुलांना नेऊन आणू का? तोवर पाहुणे येतील." हौसेरावांनी असं बघितलं जसं काय नैवेद्य दाखवायच्या आधी कुणी मोदक उचलला. "सर, शिस्त! आपणच नियम मोडला तर मुलं काय शिकतील?" बरोबर हाय. संस्था शैक्षणिक हाय ना!

नऊ वीसला पाहुणे आले. आता तरी कापा फीत! नाय. आधी स्वागत. स्टेजवर बारा माणसं, आणि बारा जणांचा सत्कार. आणि सत्कार कशानं, माहितेय का? झाडानं! तीन वर्षांपूर्वी मंडळानं ठरवलं, पुष्पगुच्छ बंद, रोप द्यायचं. छान. एक कडुनिंबाचं रोप आणलं. ते पाहुण्याला द्यायचं, फोटो काढायचा, पाहुणा म्हणतो, गाडीत कुठं ठेवू, मग मी ते परत टेम्पोत टाकायचं. पुढच्या कार्यक्रमाला तेच. तीन वर्षं तेच! त्याची कुंडी तीनदा बदलली मी. आता ते हौसेरावांच्या डोक्याच्या वर दोन वीत गेलंय. देताना दोन माणसं लागतात, घेताना तीन. बारा जणांना ते झाड द्यायचं म्हंजे बाराव्या माणसापर्यंत माझी कंबर गेली हो!

आणि मागनं बायजाबाय सरांच्या कानात, "मास्तर, पानी वललं." वललं म्हंजे वळलं, भरती लागली.

सरांनी चिठ्ठी पाठवली स्टेजवर. हौसेरावांनी वाचली, घडी घातली, खिशात ठेवली. सत्यभामाबाई उठल्या. निसर्गगीत. दुसऱ्या कडव्याला मी बघतोय, लांबचा चिखल चकाकायचा बंद झाला. पाचव्या कडव्याला तिवरांच्या मुळ्या बुडाल्या. सातवं कडवं त्यांनी दोनदा म्हटलं, का तर टाळ्या कमी पडल्या!

मग रणजीतसाहेब. लॅपटॉप, पडदा, आणि समोर लख्ख ऊन. पडद्यावर काय दिसणार, डोंबल? पण साहेब थांबले का? "मित्रांनो, आता ही स्लाइड तुम्हाला दिसत नाहीये, पण इथे आहे निवटी. मडस्किपर. ही आपल्या परांवर चालते. हिचे डोळे डोक्याच्या वर असतात. इमॅजिन करा." इमॅजिन करा! अहो, तुमच्या पाठीमागं चाळीस पावलांवर खरी नाचतेय, जरा मान वळवा की! पाऊण तास. पाऊण तास तो माणूस निवटीकडं पाठ करून निवटी समजावत होता. उत्कर्षानं हात वर केला. "प्रश्न शेवटी," साहेब म्हणाले.

दुसरी चिठ्ठी. तिसरी. सगळ्या खिशात. हौसेरावांचा खिसा फुगला, पण माणूस हलंना. धम्मपाल सर माझ्याकडं आले. कपाळावर घाम, आवाज तसाच हळू. म्हणाले, "भैरू, कात्री कुठाय?"

आता खरं सांगतो. कात्री तबकात नव्हती, माझ्या खिशात होती. दोन बोटांचं काम. कच्! की पोरं पळाली असती, काठचा चिखल तरी घटकाभर मिळाला असता. आणि मी काय बोललो? मी म्हटलं, "साहेबांना विचारून येतो." अहो, मला पण त्या मंडळाची कामं लागतात ना! सरांनी माझ्याकडं बघितलं... आणि जाऊन पोरांच्या मागं उभे राहिले. तवापासनं ते बघणं माझ्या डोळ्यांसमोरनं जात नाय. नुसतं यांनाच बोलून काय उपयोग? मी पण त्याच माळेचा मणी.

अकरा वाजता अध्यक्षीय मनोगत चालू असताना पहिल्या रांगेतल्या खुर्च्यांचे पाय भिजले. हौसेराव म्हणाले, "शेवटचे दोन मुद्दे." दोन मुद्द्यांत पाणी तिसऱ्या रांगेला. मग एकदम घाई! "चला, फीत, फीत!" पाहुणे पँट सावरत वाटेवर, म्हंजे वाट जिथं होती तिथं, कारण आता तिथं गुडघाभर पाणी. मी तबक धरलंय. पाहुण्यांनी कच् केली. फितीची दोन टोकं पाण्यात पडली, आणि वाहत निघाली. टाळ्या! फोटो! हौसेराव माइकवरनं, "मुलांनो, आता तुम्ही चिखलात जाऊ शकता!" कुठला चिखल? बायजाबायनं कपाळावर हात मारला आणि म्हणाली, "आता होरी घेऊन जा." होरी म्हंजे होडी.

तेवढ्यात बघा... स्टेजच्या पायरीवर, निळ्या कार्पेटवर, पाण्याबरोबर एक निवटी चढली. मनगटाएवढी. डोळे वर, पर टेकवत टेकवत, खरोखर चालत! उत्कर्षा पुढंच होती. ती गुडघ्यावर वाकली. "सर... चालतीय!" धम्मपाल सर वळले, आणि तेवढ्यात खुर्चीवर चढलेले रणजीतसाहेब किंचाळले, "साप! साप!" आणि माइकचा स्टँड उचलून ढोसलं! ती बिचारी टुणकन उडी मारून गेली पाण्यात. अहो, ज्यानं पाऊण तास तिच्यावर भाषण ठोकलं, त्यालाच ओळखू आली नाय! मागची एकोणचाळीस पोरं, "कुठं? कुठं?" करतायत, सर तिकडं बघतायत, आणि पाण्यात नुसती गोल गोल वर्तुळं. हौसेराव म्हणतात, "शांतता! आभारप्रदर्शन राहिलंय!" राहणारच! संस्था शैक्षणिक हाय ना!

पोरांना बसमध्ये बसवलं. जास्तीचे ड्रेस तसेच कोरडे परत. सर माझ्याबरोबर ओल्या खुर्च्या उचलायला थांबले. मी म्हटलं, "सर, राहू द्या, तुमचा शर्ट..." तर म्हणाले, "एकीला दिसली, भैरू. एकोणचाळीस राहिले." बास, एवढंच. मला रडूच यायचं राहिलं होतं, खोटं नाय बोलत.

पुढच्या आठवड्यात मीटिंग. मी खुर्च्यांचं विचारायला गेलो होतो. सरांनी राजीनामा आणलेला. तो विषय नववा. आधी अहवाल वाचला, "विद्यार्थ्यांनी भरतीचा प्रत्यक्ष अनुभव घेतला, तसेच दुर्मीळ सर्पदर्शनही झाले." टाळ्या! मग राजीनामा. हौसेराव चष्मा पुसत म्हणाले, "सर, नियमाप्रमाणे सहसचिवानं राजीनामा सचिवाकडे द्यायचा. सचिव नाहीत. म्हणजे स्वीकारता येत नाही." वर, एवढं काम केलं म्हणून त्यांचा सत्कार. बोलवा भैरूला, आणा झाड! मी आणि धम्मपाल सर, दोघं त्या झाडाच्या दोन बाजूंना, पानांतनं एकमेकांकडं बघतोय. त्यांनी घेतलं, आणि त्यांनीच माझ्याबरोबर टेम्पोत चढवलं.

पण सर मोठे चिवट. टेम्पोवरनं परत आत गेले आणि म्हणाले, "शाळा सुटायच्या आधी एक रविवार द्या. राहिलेल्या मुलांसाठी." मंडळानं लगेच दिला! उदार माणसं! पाहुण्यांची डायरी बघून तारीख ठरली, वेळ सकाळी अकरा. मी बाहेर येऊन बायजाबायला फोन लावला. तिनं बोटं मोजली असणार. मग म्हणाली, "अरं, त्या दिशी अवस हाय. बारा वाजता उधान. तुझा स्टेज पन बुडल."

मी आत गेलो, तारीख बदला म्हणून सांगायला. हौसेराव म्हणाले, "नोंद घेतली." मी खाली बसलो आणि सामानाची यादी लिहिली. खुर्च्या दीडशे. माइक एक. फीत एक. झाड एक. आणि यादीच्या तळाला मी माझ्या हिमतीवर लिहिलं, होडी एक, बायजाबायच्या पुतण्याची. मनात म्हटलं, ही फितीच्या पलीकडं बांधतो, कात्री सरांच्या हातात देतो, पोरं बसवतो, खाडी तरी दाखवतो, आणि मग काय ती तुमची भाषणं करा दिवसभर!

हौसेरावांनी यादी घेतली. एकेक ओळ वाचली. तळाला आले, थांबले, चष्मा वर केला...

"होडी? अरे वा, भैरू! मग तिचंही उद्घाटन ठेवू!"