विसाव्या नंबरची सुवर्णा

मंडळी, ऐका! एक सवाल टाकतो. माणूस किती वेळा बघितला म्हणजे कळतो? एकदा? दोनदा? — अहो, पोह्यांची बशी रिकामी व्हायच्या आत मुलगी पसंत-नापसंत करणारे आपण! आपल्याला काय विचारायचं!

तर सांगलीत हणमंतराव शिरतोडे नावाचे बातमीदार. तीस वर्षं कबड्डीवर लिहीत होते. राज्याच्या मुलींच्या संघाची निवड आली, की यांची यादी छापून यायची — उत्तम चढाई करणाऱ्या वीस जणी, नंबरवार! निवड समितीसुद्धा ती यादी वाचून मगच मैदानात जायची.

त्या वर्षी विसावा नंबर होता सुवर्णा मगदूमचा. पुढं लिहिलं होतं — ‘रबरी मॅटवर पाय ठरत नाही.’ झालं! समितीनं नाव खोडलं.

दुसऱ्या दिवशी फोन. “सायेब, सुवर्णा बोलतीया. तुम्ही लिवलं ते खरं हाय, घसरले मी. आम्ही मातीत अनवाणी खेळतो. तुम्ही बघितलं त्या दिवशी मॅटसाठी मैत्रिणीचे बूट घातलेले, एक नंबर मोठे. तुम्ही माझी परीक्षा घेतली का बुटांची? एकदा येऊन बघा की!”

हणमंतरावांच्या हातातला चहा निवला. आपण हिचा एकच सामना बघितला, तोही अर्धा! लाज वाटली त्यांना, मंडळी.

गेले गावाला. मातीवर पोरगीनं सहा चढाया केल्या, पाच वेळा गडी मारून आली! पण हणमंतरावांनी तिथंही नंबर लावला नाही. का? अहो, माती म्हणजे मॅट नव्हे!

कार्यालयात येऊन लिहिलं — ‘सुवर्णाचा नंबर मी घाईनं लावला. ती कशी खेळेल, मला ठाऊक नाही. समितीनं पुन्हा बघावं.’

संपादक उसळले. “ठाऊक नाही? असं छापतात होय! लोकांना नंबर लागतो, हणमंतराव! हसतील तुम्हाला!”

“हसू देत. हे छापा, नाहीतर यादीवरचं माझं नाव काढा. कायमचं!”

छापलं. लोक हसलेही. पण समितीनं पोरीला बोलावलं! या वेळी बूट मापाचे. पहिली चढाई — पकडली! दुसरी — पकडली! शेजारचे बातमीदार खुसखुसले. हणमंतराव जागचे हलले नाहीत. तिसरी चढाई... दोघींना शिवली, तिघींनी कंबर धरली, आणि तशीच ओढत-ओढत, दम न सोडता, मध्यरेषेला बोट लावलं तिनं!

झाली निवड. संघात बारावी, म्हणजे राखीव! टाळ्या कसल्या वाजवता? पुढं ती चमकेल की बाकावर बसेल, कुणी सांगावं? हणमंतरावांनी सांगितलं नाही. ते प्रत्येक सामन्याला जाऊन बसू लागले, पहिल्या शिट्टीपासून शेवटच्या शिट्टीपर्यंत.

आता तुमच्याकडे वळतो. धाकटा ढ, सून आळशी, भाऊ कामाचा नाही — लावलेत ना नंबर? कितीदा बघून लावलेत? देवाचं नाव घ्या, घरी जा, आणि ज्याचं नाव तुम्ही खोडलंय त्याच्यासमोर बसा. तोंड मिटून. पुन्हा बघा!